बैलांच्या डब्यातला कोसा

जगभरातले पेशीवाले लोक पेशी उबदार ठेवण्याच्या काळजीत असतात. मी आयुष्यभर त्या थंड ठेवण्याच्या काळजीत होते. माणसाच्या, उंदराच्या पेशींना अंगाची ऊब लागते. माझ्या पेशी होत्या कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, अळीच्या. त्यांना सत्तावीस अंश लागतात, आणि आमच्या चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा सत्तेचाळीसला टेकतो. मधले वीस अंश सांभाळायला विजेवर चालणारी एक पेटी होती, एक जुना एसी होता आणि मी होते. वीज कधीही जायची, एसी कधीही बसायचा. मीच तेवढी कायम चालू.

काळजी करणं हा माझा स्वभावच आहे, ते मी नाकारत नाही. नवरा म्हणतो, "हिले स्वर्गात नेऊन बसवलं तरी ही पयले विचारन, छत तं गळत नाई ना?" तो घुग्घुसकडच्या सिमेंट कारखान्यात पाळ्या करून निवृत्त झालेला माणूस. सगळी नोकरी भट्टीशेजारी झाली त्याची. सत्तावीसचे एकोणतीस झाले म्हणून बायको ताटावरून उठते आणि कॉलेजात धावते, हे त्याला लग्नानंतर बरीच वर्षं खरंच वाटायचं नाही. पुढे पुढे तो गाडीची किल्ली हातात घेऊनच जेवायला बसू लागला.

माझं काम थोडक्यात सांगते, कारण त्यावरच पुढचं सगळं अवलंबून आहे. आमच्या जंगलपट्ट्यात ऐनाच्या झाडांवर कोशाच्या अळ्या पाळतात. कधी कधी त्यांना एक रोग लागतो. अळ्या डोकं खाली करून फांदीला लटकतात, आतून त्यांचं पाणी होतं आणि घरच्या माणसांची सगळी राखण वाया जाते. हा रोग पेशीत कसा शिरतो हे बघायचं, तर अळीच्या पेशी अळीबाहेर, काचेत जिवंत ठेवता आल्या पाहिजेत आणि त्या वाढल्या पाहिजेत. मी अळीच्या अंडाशयाचा बारीक तुकडा काढून खाद्यद्रवात ठेवायची. पेशी महिनोन् महिने नुसत्या बसून राहायच्या आणि मरायच्या. मी पुन्हा ठेवायची, त्या पुन्हा मरायच्या. कॉलेजात मला 'मयत खातं' म्हणायचे, आणि तेही माझ्यासमोर.

मग एका वर्षी त्या मेल्या नाहीत. एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार झाल्या आणि वाढतच राहिल्या. का वाढल्या, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही. मी तसं लिहून टाकलं, लेख छापून आला, आणि मला वाटलं की आता मी सुटले.

कसली सुटते! बाहेरच्या लोकांनी माझी कृती वाचून पेशी करायचा प्रयत्न केला आणि त्यांना जमलं नाही. ज्यांना मी माझ्या पेशी पाठवल्या त्यांच्याकडे त्या मेल्या. तरी माझ्या लेखाचे उल्लेख वाढत गेले. पदोन्नतीच्या मुलाखतीत समितीतल्या एका गृहस्थांनी कौतुकानं विचारलं, "एवढ्या लहान गावातून एवढे उल्लेख?" मी मान खाली घालून बसले. कारण उल्लेख काय असायचा ते मी वाचलेलं होतं. 'अशा पेशी वाढवल्याचा एक दावा आढळतो, मात्र इतरत्र तो पडताळता आलेला नाही.' शब्द थोडेफार बदलायचे, पण 'दावा' हा शब्द काही जायचा नाही. माझी संशोधक म्हणून जी काही किंमत होती ती या एका शब्दावर उभी होती, आणि तो शब्द मला कुसळासारखा टोचायचा. मी खोटं बोलले असं कोणी म्हणत नव्हतं. खरं बोलले असंही कोणी म्हणत नव्हतं.

निवृत्तीला थोडे महिने उरले असताना पुण्याच्या एका संस्थेतून फोन आला. तिथे देशभरातल्या पेशी जपून ठेवतात, ज्याला लागतील त्याला देतात, आणि देण्याआधी स्वतः तपासतात. बोलणारा तरुण शास्त्रज्ञ नम्र होता. म्हणाला, "मॅडम, जुने लेख वाचून आम्ही सगळ्यांना विचारतोय. बहुतेक जण सांगतात की पेशी आता नाहीत. तुमच्या आहेत का?"

"आहेत," मी म्हटलं. "जिवंत आहेत. मी स्वतः आणून देईन."

एवढं ठासून मी आयुष्यात फार कमी वेळा बोलले असेन. फोन ठेवल्यावर मी कॅलेंडर बघितलं. निवृत्तीनंतर कॉलेज माझ्या खोलीत संगणक मांडणार होतं. म्हणजे जूनअखेरपर्यंत पेशी पुण्याला पोचल्या तर 'दावा' पुसला जाणार होता. नाही पोचल्या, तर तो माझ्या नावापुढे कायमचा राहणार होता.

आणि मे महिन्यात आम्ही नागपूरला एका लग्नाला गेलो. माझा जीव घरीच होता. पंगतीत बसल्या बसल्या मी कॉलेजच्या शिपायाला फोन लावत होते आणि तो उचलत नव्हता. परत आलो, खोलीचं दार उघडलं, तर आतून गरम हवेचा लोट अंगावर आला. एसी जळला होता, त्यानं पेटीलाही सोबत नेलं होतं. पेशी काचेच्या तळाला चिकटलेल्या असायला हव्या होत्या. त्या सुटून गढूळ पाण्यासारख्या तरंगत होत्या. मी सूक्ष्मदर्शकाखाली एकेक बाटली बघितली आणि स्टुलावर बसून राहिले.

नवऱ्यानं विचारलं, "गोठवलेल्या आहेत ना तुझ्या?"

होत्या. पण त्या आठवून मला सुटल्यासारखं वाटलं नाही.

पेशी गोठवून ठेवायच्या तर द्रवरूप नायट्रोजन लागतो. आमच्या कॉलेजला तो कोण देणार? पण तालुक्याच्या गावी नायट्रोजन हमखास मिळण्याची एक जागा असते, ती म्हणजे गुरांचा दवाखाना. गाईंच्या कृत्रिम रेतनासाठी लागणाऱ्या वळूंच्या कांड्या तिथे नायट्रोजनच्या डब्यात ठेवतात. पूर्वीचे गाईंचे डॉक्टर भले गृहस्थ होते. मी विचारलं तर म्हणाले, "ठेवा ना बाई, आमच्या बैलांले का तरास आहे?" माझ्या गोठवायच्या बाटल्या त्यांच्या डब्यात कांड्या धरणाऱ्या पेल्यात मावेनात. तेव्हा मी त्यांच्याकडूनच कोऱ्या कांड्या घेतल्या. शाईच्या रिफिलीएवढ्या बारीक नळ्या त्या. त्यांत पेशी भरल्या, टोकं गरम चिमट्यानं बंद केली आणि बैलांच्या शेजारी ठेवून दिल्या. बैलांच्या कांड्यांवर वळूचा नंबर छापलेला असायचा. माझ्या कोऱ्या होत्या, म्हणून ओळखायला सोप्या. असं आपलं मला वाटायचं.

ते डॉक्टर बदलून गेले होते. नवे आले होते, त्यांना मी एकदा नमस्कार केला होता, पण पेशींचं काही बोलले नव्हते. डब्यात नायट्रोजन भरला जातोय, एवढं बघून मी गप्प होते.

दवाखान्यात पोचलो तर तिथला चौकीदार म्हणाला, "डबा नाई इथी. डॉक्टर घेऊन गेले शिबिराले. तिकडं माणूस कमी होता."

"कुठे?"

"एटापल्लीकडं."

त्या गावाला वाईट म्हणायचं नाही मला. पण आमच्या घरून एटापल्ली म्हणजे वैनगंगा ओलांडून, आष्टीवरून, आलापल्लीच्या जंगलातून दिवसभराचा रस्ता, आणि लोहखनिजाच्या ट्रकांनी त्या रस्त्याची लावलेली वाट. डॉक्टरांचा फोन लागेना. लागला की नुसता खर्र आवाज यायचा. नवरा म्हणाला, "वापस येतीलच ना ते. डबा का जंगलात सोडून येतीन?" मी त्याला समजावलं की शिबिरात कांडी काढायला पेला दर वेळी वर ओढतात. वर ओढला की त्याला बाहेरची हवा लागते, आणि ही मे महिन्याची हवा. बैलाचं निभतं, माझ्या पेशींचं निभेलच असं नाही. शिवाय वाटेत डबा कलंडला तर? नायट्रोजन संपला आणि तिकडे मिळाला नाही तर? बोलता बोलता माझा आवाज चढला आणि मग रडवेला झाला. त्यानं पाण्याच्या बाटल्या भरल्या.

रस्ताभर मी काय बघितलं म्हणाल तर ट्रकचे मागचे दिवे. लाल धूळ इतकी, की दुपारी दिवे लावून चालले होते सगळे. मोहाची झाडं लाल झालेली, घरांची कौलं लाल झालेली. नवरा मधूनच म्हणायचा, "घुग्घुसची धूळ काळी, इथची लाल. एवढाच फरक." मी मनातल्या मनात डब्याचं झाकण उघडत होते आणि लावत होते.

एटापल्लीत विचारत विचारत शिबिराच्या गावी पोचलो. गावाबाहेर मोठ्या झाडाखाली गाई बांधलेल्या होत्या, माणसं गोंडीत बोलत उभी होती आणि मधोमध डॉक्टर हातात कोपरापर्यंत मोजा घालून घाम पुसत होते. डबा सावलीत होता. तो उभा बघून माझ्या जिवात जीव आला. मी नमस्कार केला, माझ्या कोऱ्या कांड्या विचारल्या. डॉक्टर खूश झाले.

"अरे, त्या तुमच्या मार्फत आल्या होत्या का? मले वाटलंच! छापील नंबर नाई म्हनजे काहीतरी स्पेशल आहे. आपल्या कांड्या संपल्या ना मॅडम, मंग त्याच वापरल्या. टेन्शन नका घेऊ, रिझल्ट एकदम बढिया येईन."

मला आधी समजलंच नाही. मग खाली बघितलं. गवतात रिकाम्या, कोऱ्या कांड्या पडल्या होत्या. माझ्याच हाताच्या. एका टोकाला चिमट्याची तीच वेडीवाकडी खूण.

"त्यात बैल नव्हता हो," मी कशीबशी म्हटलं. "त्यात कोशाची अळी होती."

डॉक्टर खाली पडलेली एक कांडी उचलून बघायला लागले. आसपासच्या कुणीतरी ते गोंडीत इतरांना सांगितलं. मग एका म्हाताऱ्यानं काहीतरी म्हटलं आणि सगळे पोट धरून हसायला लागले. डॉक्टरांनीच मला अर्थ सांगितला, ओशाळून. "म्हनतात, आता गाय कोसा देईन."

नवराही हसला, मेला. मला हसू येत नव्हतं, आणि माझ्याशिवाय आणखी एका बाईला येत नव्हतं. ज्या गाईंना कोसा दिला गेला त्यांतली एक तिची होती. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "बाई, किडा गाईच्या पोटात वाढन का?" मी म्हटलं, नाही, वाढणार नाही, गाईला काही होणार नाही, सगळं विरघळून जाईल. एवढं मला पक्कं माहीत होतं. "मंग वासरू?" मी म्हटलं, "या खेपेला नाही होणार." ती डॉक्टरांकडे वळली. "मले वासरू पायजे. गाय पुन्हा माजावर आली की तुमी पुन्हा या. फोन केल्यावर या. नाई आले तं मी तुमच्या आफिसात गाय आणून बांधीन." डॉक्टरांनी तिथल्या तिथे कबूल केलं. मला तिचा हेवा वाटला. तिचं नुकसान पुढच्या माजाला भरून निघणार होतं.

डॉक्टरांनी पेला वर ओढला, क्षणभरच, कारण मी ओरडले. चिमट्यानं चाचपून त्यांनी सांगितलं, "एक आहे मॅडम. कोरी. एकच."

डबा मला मिळणं शक्य नव्हतं. दुसऱ्या गावी गाई थांबल्या होत्या, उद्या येणाऱ्या नव्या कांड्या याच डब्यात राहणार होत्या, आणि त्या बाईच्या डोळ्यांदेखत डबा मागायची माझी छातीही झाली नाही. आमच्याजवळ चहाचा स्टीलचा थर्मास होता. डॉक्टरांनी त्यात थोडा नायट्रोजन ओतला, तडतड आवाज झाला, पांढरी वाफ उसळली. कांडी दोऱ्याला बांधून आत सोडली. झाकण घट्ट लावायचं नव्हतं, नाहीतर थर्मासच फुटला असता. वर थर्माकोलचा तुकडा नुसता टेकवला आणि मी तो दोन्ही हातांनी मांडीवर धरून गाडीत बसले. माझं सगळं संशोधन आता त्या थर्मासात होतं आणि त्यातून वाफ होऊन उडून चाललं होतं.

परतीच्या वाटेवर नाक्यावर पोलिसांनी थांबवलं. तरण्या शिपायानं काचेतून आत बघितलं आणि दोन पावलं मागे सरला.

"बाई, त्यातून धूर काऊन निघून राह्यला?"

"धूर नाही भाऊ, थंड वाफ आहे. आत पेशी आहेत."

"कायच्या पेशी?"

"कोशाच्या किड्याच्या. म्हणजे किड्याच्या अंडाशयातून..."

"किडा धूर सोडते का?" तो म्हणाला. "खाली उतरा. डबा तिकडं दूर ठेवा, उन्हात. साहेब जेवाले गेले, ते येऊन पाहतीन."

उन्हात! मी समजावायला लागले. गोठवणं म्हणजे काय, पेशी म्हणजे काय, लेख काय, पुण्याची संस्था काय, सगळं. जितकं सांगू तितका तो जास्त मागे सरकत होता. त्याचंही बरोबरच होतं, नक्षलग्रस्त भाग तो, तिथे वाफ सोडणारं भांडं कोण सहज जाऊ देईल? थर्मास माझ्या हातात हलका हलका होत चालल्याचा मला भास होत होता. जे सांगायचं ते नीट सांगता येईना.

तेवढ्यात मागून एक जुना हवालदार आला. त्यानं वाफ बघितली, वास घेतला आणि म्हणाला, "अरे, हे तं गाईवाल्या डॉक्टरकडं राहते. बैलाचं आहे ना बाई?"

मी म्हटलं, "हो. बैलाचं."

"मंग हे आधी सांगाचं ना! जाऊ द्या रे."

नवरा आष्टी येईपर्यंत स्टिअरिंगवर हात मारून हसत होता. "एवढी पीएचडी केली, शेवटी बैलच कामी आला!" मी थर्मास घट्ट धरून बाहेर बघत होते. मला राग त्याचा नव्हता. माझ्या पेशी खऱ्या आहेत हे पटवण्यासाठी मी इतकी वर्षं घालवली होती, आणि नाक्यावर त्या पार करायला मला त्या दुसऱ्याच कशाच्या तरी म्हणाव्या लागल्या होत्या. ते मला लागलं.

कांडी घरी पोचली तेव्हा थर्मासाच्या तळाशी जेमतेम नायट्रोजन होता. पुण्याला विचारलं तर ते म्हणाले की एका कांडीवर त्यांचं भागणार नाही. वाढवून, भरपूर करून आणा. म्हणजे ती उघडणं भाग होतं. दुसरी संधी नव्हती. कोमट पाण्यात धरली, टोक कात्रीनं कापलं, आणि थेंबभर ऐवज बाटलीतल्या खाद्यद्रवात सोडला. कोपर मी ओट्याला टेकवून धरलं होतं. मेलेल्या पेशीत निळा रंग शिरतो, जिवंत पेशीत शिरत नाही. रंग घालून बघितलं असतं तर किती जगल्यात ते लगेच कळलं असतं. पण त्यात पेशी खर्च झाल्या असत्या. शिवाय मला ते कळून घ्यायचंच नव्हतं.

कॉलेजचा एसी सुट्टीनंतरच दुरुस्त होणार होता. म्हणून बाटली आमच्या झोपायच्या खोलीत आली, थर्माकोलच्या पेटीत, कपाटावर. खोलीत सत्तावीस. नवऱ्याला अत्तर बंद, उदबत्ती बंद, पंखा बंद. "आपण भाडेकरू ठेवला काय?" तो म्हणायचा, पण वीज गेली की तोच बर्फाच्या लादीसाठी मासळीबाजारात धावायचा. सकाळी मी पेटी मांडीवर घेऊन कॉलेजात जायची, रिकाम्या खोलीत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायची आणि पेटी घेऊन परत यायची.

पेशी गोल होत्या, काळपट होत्या, हलत नव्हत्या. बहुतेक मेल्याच होत्या. काही तळाला टेकल्यासारख्या वाटायच्या, पण बघून बघून डोळ्यांना काहीही वाटतं. माझी भूक गेली. फोनवर मी गाईच्या डॉक्टरांना विचारायची, त्या बाईची गाय माजावर आली का, तुम्ही गेलात का? ते एकदा वैतागून म्हणाले, "गेलो होतो मॅडम, काम झालं, आता तुमी झोपा." नवऱ्यालाही मी बोलू देईना. आणि एक सांगते, त्या दिवसांत कितीदा तरी मला वाटलं की या एकदाच्या मरू देत. मेल्या की मी पुण्याला सांगेन, चार दिवस रडेन आणि मग मला रात्री पंख्याचा आवाज बंद झाला म्हणून दचकून उठावं लागणार नाही. ज्यांच्यासाठी एवढं केलं त्यांचंच मरण मागायचं, या विचारानं मला स्वतःची भीती वाटायची.

मग एका सकाळी बाटलीच्या कडेला चिकटलेल्या दोन पेशी दिसल्या. चकचकीत, आतून उजळ, आणि दोघींच्या मध्ये नुकतीच पडलेली बारीक रेघ. आदल्या दिवशी तिथे एकच होती, हे मी शपथेवर सांगेन. मला आनंद झाला का? झाला असेल. पण पहिल्यांदा वाटली ती भीती. कालपर्यंत माझ्याजवळ गमावण्यासारखं काही नव्हतं, आता होतं. मी बाटली इतकी हळू नेली की घरी पोचायला नेहमीपेक्षा कितीतरी वेळ लागला, आणि नवऱ्याला सांगितलं नाही. दृष्ट लागेल म्हणून. एवढं शिक्षण घेऊन.

त्या वाढल्या. एका बाटलीच्या दोन झाल्या, दोनाच्या अनेक झाल्या. जूनच्या शेवटच्या आठवड्यात कॉलेजनं शाल, नारळ दिला, भाषणं झाली, कोणीतरी माझे उल्लेख किती झाले ते माईकवर वाचून दाखवलं. माझं लक्ष घरच्या एसीकडे होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही पेटी घेऊन पुण्याच्या गाडीत बसलो. वातानुकूलित डब्यात गारठा इतका, की मी माझं ब्लँकेट पेटीला गुंडाळलं आणि स्वतः शालीत कुडकुडत बसले. आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांना ऊब द्यायची काळजी करावी लागली.

संस्थेत तो तरुण शास्त्रज्ञ दारातच भेटला. फोनवरच्या आवाजापेक्षाही लहान दिसणारा. पेटी त्यानं दोन्ही हातांनी घेतली, ते मला आवडलं. तो आतल्या खोलीकडे निघाला, मी सवयीनं त्याच्या मागे निघाले.

"मॅडम, सॉरी," तो म्हणाला. "आत बाहेरच्यांना परवानगी नाही. तुम्ही प्लीज इथे बसा."

समोर एक खुर्ची होती. मी बसले. दाराला काच होती. काचेतून मला त्याची पाठ दिसत होती, सूक्ष्मदर्शकावर वाकलेली. तो बराच वेळ वाकलेलाच होता. त्यानं आतल्या एका मुलीला बोलावलं, तीही वाकली. दोघं काहीतरी बोलली, ते ऐकू आलं नाही. मी खुर्चीच्या कडेला सरकून बसले. नवरा म्हणाला, "काऊन घाबरून राह्यली? आहेत ना तुझ्या." मी म्हटलं, "गप्प बसा हो."

तो बाहेर आला तेव्हा हसत होता. "आहेत, मॅडम. सुंदर वाढल्यात. कोशाच्याच आहेत का ते यंत्रावर तपासावं लागेल, तो नियमच आहे. पण मी अशा कधी बघितल्या नव्हत्या. खरंच आहेत." हा शब्द ऐकायला मी किती वर्षं थांबले होते. मला वाटलं होतं की तो ऐकल्यावर मी काहीतरी बोलेन, निदान आभार तरी मानेन.

"मी एकदा बघू का?" मी विचारलं.

त्याला वाईट वाटलं, ते दिसलं. "तपासणी होईपर्यंत नाही, मॅडम. आता त्यांना बाहेरचा जंतू लागायला नको ना. तुम्हाला माहीतच आहे."

मला माहीत होतं. त्याच्या जागी मी असते तर मीही कुणाला आत येऊ दिलं नसतं, आणि इतक्या गोडीनं सांगितलंही नसतं. तो परत आत गेला. काचेतून मी बघितलं, त्यानं माझ्या बाटल्या एका मोठ्या कपाटात ठेवल्या, तपासणीला आलेल्या इतर कितीतरी बाटल्यांच्या रांगेत, आणि दार लावलं. लावल्यावर कुठली माझी ते मलाही सांगता आलं नसतं. कॉलेजनं शाल दिली त्या दिवशी मला काहीच वाटलं नव्हतं. त्या खुर्चीवर बसल्या बसल्या मात्र मी निवृत्त झाले, आणि मला हुंदका आवरला नाही.

नवरा माझ्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. थोड्या वेळानं म्हणाला, "चल, गाडी निघून जाईन."

कपाटाच्या दारावर हिरव्या आकड्यांत तापमान दिसत होतं. मी म्हटलं, "अहो, पाच मिनिटं थांबा. वीज गेली तर यांच्याकडे काय होतं, तेवढं मला बघू द्या."